जुन्या करारातला देव वेगळा होता का?



बायबल अभ्यासाच्या जवळजवळ प्रत्येक वर्गात एक प्रश्न हमखास येतो. कधी तो तरुण विचारतात, कधी वयस्क माणसे उपासना संपल्यावर पाळकांना बाजूला घेऊन हळू आवाजात विचारतात. जुन्या करारातला देव रागावतो, जलप्रलय आणतो, लढाया करायला सांगतो. नव्या करारातला प्रभू येशू मात्र लेकरांना जवळ घेतो, कुष्ठरोग्यांना स्पर्श करतो, शत्रूंवर प्रीती करायला शिकवतो. मग हे दोन देव आहेत का? की देव मध्येच बदलला?

प्रश्न विचारणाऱ्याला गप्प करू नये, कारण हा प्रश्न अविश्वासातून येतोच असे नाही. पुष्कळदा तो भीतीतून येतो. देवाचा स्वभाव आज एक आणि उद्या दुसरा असेल, तर आपल्या प्रार्थनेचा, आशेचा आणि तारणाचा भरवसा कशावर ठेवायचा? वस्त्यांमध्ये काम करताना तर हा प्रश्न आणखी जड होतो. जिने आयुष्यभर दरारा आणि हेळसांड यांखेरीज काही पाहिले नाही, अशा एखाद्या आईला आपण देवाविषयी सांगतो, तेव्हा नक्की कोणत्या देवाविषयी सांगतो? म्हणून या अंकात हा विषय जरा सावकाश पाहू या.

नावे अनेक, देव एक

आपल्या जिल्ह्याचेच उदाहरण घ्या. जुने नाव धाराशिव. निजामाच्या राजवटीत सातवा निजाम मीर उस्मान अली खान याच्या नावावरून ते उस्मानाबाद झाले, आणि २०२३ मध्ये पुन्हा धाराशिव. कागदपत्रांवर, एसटीच्या पाट्यांवर, शाळेच्या दाखल्यांवर आजही दोन्ही नावे सापडतात. पण नाव बदलल्याने बालाघाटचे डोंगर हलले नाहीत आणि तेरणा नदीने वाट बदलली नाही.

पवित्र शास्त्रातही देवाची नावे अनेक आहेत. अब्राहामाला तो सर्वसमर्थ देव म्हणून भेटला. मोशेला जळत्या झुडुपाजवळ त्याने आपले खास नाव सांगितले. जुन्या मराठी भाषांतरांत ते यहोवा असे आले आणि आज आपण बहुधा परमेश्वर म्हणून वाचतो. प्रभू येशूने त्याला अब्बा, म्हणजे बाबा, म्हणून हाक मारली. पण झुडुपाजवळ मोशेशी बोलतानाच देवाने सांगितले होते, की मी तुझ्या पूर्वजांचा, अब्राहाम, इसहाक आणि याकोब यांचा देव आहे. प्रभू येशूने सदूकी लोकांशी वाद करताना नेमका तोच प्रसंग पुढे केला (मार्क १२:२६). म्हणजे ज्याला तो बाप म्हणत होता, तो त्याच्या दृष्टीने मोशेचाच देव होता.

हा प्रश्न नवा नाही

मंडळीच्या इतिहासात हा प्रश्न फार लवकर आला. काळ्या समुद्राच्या काठच्या सिनोप गावचा मार्कियन नावाचा एक श्रीमंत माणूस दुसऱ्या शतकात रोमच्या मंडळीत आला. त्याचे म्हणणे असे, की जगाची निर्मिती करणारा जुन्या करारातला देव कठोर आणि खालच्या दर्जाचा आहे. येशूने ज्याची ओळख करून दिली तो प्रीतीचा देव निराळाच आहे. मार्कियनने जुना करार पूर्ण बाजूला ठेवला. नव्यातूनही फक्त लूकचे शुभवर्तमान आणि पौलाची दहा पत्रे ठेवली, आणि त्यांतलाही न पटणारा भाग कापला. इ. स. १४४ च्या सुमारास रोमच्या मंडळीने त्याला बाहेर काढले.

मंडळीने असे का केले, हे समजून घ्यायला हवे. मार्कियनचा देव वरवर प्रेमळ वाटतो; पण त्या देवाचा या मातीशी, या शरीराशी, भुकेशी आणि न्यायाशी संबंध उरत नाही. जग दुसऱ्याच कोणी बनवले असेल, तर जगातल्या अन्यायाशी या देवाला देणेघेणे ते काय? मंडळीने ओळखले, की कात्री लावून हाती येणारा देव गोड असेल, पण गरिबाच्या कामाचा नसेल. आपल्यापैकी कोणी मार्कियनचे नावही ऐकले नसेल; तरी जुना करार न उघडता फक्त आवडीची वचने वाचत राहणे ही त्याचीच वाट आहे.

देवाने स्वतःची ओळख कशी करून दिली

देवाचा स्वभाव जाणून घ्यायचा असेल तर निर्गम ३४:६-७ पासून सुरुवात करावी. प्रसंग आठवा. इस्राएल लोक नुकतेच मिसरच्या गुलामीतून सुटले होते. मोशे डोंगरावर असताना त्यांनी सोन्याचे वासरू केले आणि करार मोडला. पाट्या फुटल्या. या सगळ्यानंतर देव मोशेसमोरून गेला आणि आपण कसे आहोत हे त्याने स्वतः सांगितले. लोक सर्वांत नालायक ठरले असताना ही ओळख झाली, हे विसरू नये.

त्या ओळखीतले इब्री शब्द पाहण्यासारखे आहेत. पहिला शब्द आईच्या उदराच्या शब्दाशी नाते सांगणारा आहे: पोटच्या गोळ्यासाठी आतून तुटणारी माया. मराठीत आपण वात्सल्य म्हणतो, त्यात वत्स आहे. गाय वासराला चाटते ती ओढ. दुसरा शब्द कृपेचा, लायकी नसताना मिळणाऱ्या देणगीचा. तिसरा मंदक्रोध, मुळात त्याचा शब्दशः अर्थ नाकाने लांब असा होतो, म्हणजे ज्याचा श्वास रागाने चटकन गरम होत नाही तो. चौथा शब्द हेसेद. याला एका शब्दात पकडणे भाषांतरकारांना नेहमीच अवघड गेले आहे. दया, कृपा, प्रेमदया, करारनिष्ठा असे अनेक शब्द वापरले जातात. दिलेला शब्द समोरच्याने मोडला तरी आपल्या बाजूने न सोडणारे प्रेम, असा त्याचा भाव. आणि पाचवा शब्द सत्याचा, भरवशाचा.

यानंतर त्याच वचनात आणखी एक गोष्ट येते: देव अपराधाची क्षमा करतो, पण अपराध्याला मोकळे सोडून देत नाही. म्हणजे दया आणि न्याय पहिल्याच ओळखीत शेजारी शेजारी उभे आहेत. दया नव्या करारात नंतर येऊन चिकटलेली नाही.

आता या वाक्याचा माग काढा. गणना १४:१८ मध्ये मोशे तेच शब्द देवासमोर ठेवून लोकांसाठी रदबदली करतो. स्तोत्र ८६, १०३ आणि १४५ मध्ये ते भजनात येतात. योएल २:१३ मध्ये टोळधाडीने उजाड झालेल्या देशाला ते पश्चात्तापाचे कारण म्हणून सांगितले जातात. बंदिवासातून परत आल्यावर नहेम्याच्या नवव्या अध्यायातली प्रार्थना त्यांच्यावरच उभी आहे. नहूम १:३ मध्ये ते निनवेच्या जुलमाविरुद्ध येतात. आणि योना ४:२ मध्ये तर योना तेच शब्द तक्रार म्हणून वापरतो: तू असा दयाळू आहेस हे मला ठाऊक होते, म्हणूनच मी पळालो, असे त्याचे म्हणणे. शत्रूच्या शहरालाही देव तोच नियम लावणार, हे त्याला सहन झाले नाही. जुन्या करारात देव बदलल्याचे दुःख कोणाला नाही. तो बदलत नाही याचे दुःख मात्र योनाला झाले!

नव्या करारात योहान १:१४ मध्ये वचन देही झाले, ते कृपा आणि सत्य यांनी भरलेले होते असे येते. पुष्कळ अभ्यासकांना त्यात निर्गमातल्या हेसेद आणि सत्य या जोडीचा प्रतिध्वनी ऐकू येतो. डोंगरावर मोशेला पाठमोरा दिसलेला देव आता समोरून दिसला, असे योहान सांगतो.

बापाचे पाप मुलाच्या माथी?

निर्गमातल्या त्याच वचनात बापाच्या अपराधाबद्दल तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत जाब घेण्याचा उल्लेख आहे, आणि इथे पुष्कळांना ठेच लागते. आपल्या कामाच्या दृष्टीने हा भाग नीट समजणे अत्यंत गरजेचे आहे.

पहिली गोष्ट म्हणजे इथे दिलेला हिशेब. जाब तीन-चार पिढ्यांचा, आणि दया हजारांवर. अनुवाद ७:९ मध्ये ती हजार पिढ्यांपर्यंत सांगितली आहे. तराजू कोणत्या बाजूला झुकला आहे हे उघड आहे. एका घरात त्या काळी तीन-चार पिढ्या एकत्र राहत. आजोबाने केलेल्या पापाची झळ नातवंडांना लागते, हे आपणही पाहतो. दारूने किंवा कर्जाने मोडलेले घर पाहा. दुसरी गोष्ट: या झळीला न्यायालयातली शिक्षा समजू नये, म्हणून अनुवाद २४:१६ मध्ये स्पष्ट नियम आहे, की बापाच्या अपराधासाठी मुलाला आणि मुलाच्या अपराधासाठी बापाला देहदंड देऊ नये. यहेज्केलचा अठरावा अध्याय पूर्णपणे याच मुद्द्यावर आहे: ज्याने पाप केले त्यानेच उत्तर द्यावे, आणि जो वळला तो जगेल.

आता आपल्या भागाकडे पाहा. इंग्रज सरकारने १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला आणि पुढे त्याची व्याप्ती वाढवत नेली. त्या यादीत आलेल्या जमातीत जन्मलेले मूल जन्मतःच संशयित ठरू लागले. हजेरी द्यायची, परवानगीशिवाय गाव सोडायचे नाही, काही ठिकाणी कुंपणाच्या वसाहतीत राहायचे. पारधी समाजावर हा शिक्का बसला. फास लावून पाखरे आणि हरणे पकडणारे फासेपारधी रानाचे जाणकार होते. कायद्याच्या पुस्तकात ते जन्मजात गुन्हेगार झाले. हेही प्रामाणिकपणे लिहायला हवे, की देशात अशा काही वसाहती चालवण्याचे काम सॅल्व्हेशन आर्मीसह काही ख्रिस्ती संस्थांनीही केले. त्यांतल्या कित्येकांचा हेतू सुधारणेचा होता. पण जन्मावरून गुन्हेगार ठरवणारी ती चौकट पवित्र शास्त्राच्या विरुद्ध होती, हे फार थोड्यांनी बोलून दाखवले.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला; तो दिवस आज अनेक ठिकाणी विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. पण शिक्का मनातून गेला नाही. गावात चोरी झाली की पहिली नजर पारधी पेढीकडे वळते. पेढीवरच्या मुलाला शाळेत बाकावर बसताना बापाच्या आणि आजोबाच्या नावाचे ओझे घेऊन बसावे लागते. अशा मुलाला आपण काय सांगणार? हेच, की तुझ्या जन्मावरून तुझा निवाडा करणारा देव पवित्र शास्त्रात कुठेच नाही. मोशेच्या नियमशास्त्रात नाही, यहेज्केलमध्ये नाही आणि शुभवर्तमानात तर नाहीच. जन्मांध माणसाविषयी शिष्यांनी विचारले, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापाचे? प्रभूने तो हिशेबच नाकारला (योहान ९:३).

देव रागावतो कशावर?

देवाच्या क्रोधाला आपण घाबरतो, कारण माणसांचा राग आपण पाहिला आहे: दारू पिऊन घरी येणाऱ्याचा, सत्ता दाखवणाऱ्याचा, लहरीपणाचा. देवाचा क्रोध तसा नाही. तो कशावर पेटतो ते पाहिले की त्याच्यामागचे प्रेम दिसते.

निर्गम २२:२१-२४ मध्ये देव म्हणतो, की परक्याला छळू नका, विधवेला आणि पोरक्याला गांजू नका. त्यांनी मला हाक मारली तर माझा राग भडकेल. आमोस दुसऱ्या अध्यायात चपलेच्या जोडासाठी गरिबाला विकणाऱ्यांवर बोलतो. १ राजे २१ मध्ये अहाब राजाला नाबोथाचा मळा हवा असतो. नाबोथ वडिलोपार्जित जमीन देत नाही. तेव्हा ईजबेल खोटे साक्षीदार उभे करते, नाबोथाला दगडमार होतो आणि राजा ताबा घ्यायला मळ्यात जातो. तिथे एलीया त्याला गाठतो. खोटी साक्ष, खोटा गुन्हा आणि त्यामागे जमिनीची हाव: ही गोष्ट आमच्या वस्त्यांत कोणाला समजावून सांगावी लागत नाही. अशा वेळी देव शांत बसला असता, तर त्याला प्रेमळ म्हटले असते का?

आता नवा करार घ्या. प्रभू येशू सभास्थानात वाळल्या हाताच्या माणसाकडे पाहतो आणि लोकांच्या मनाच्या कठीणपणामुळे दुःखी होऊन रागाने सभोवार बघतो (मार्क ३:५). लहान्यांतल्या एकाला अडखळवणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधावी, हे बोल त्याचेच (मत्तय १८:६). विधवांची घरे गिळंकृत करून लांबलचक प्रार्थना करणाऱ्यांना तो सोडत नाही. हनन्या आणि सप्पीरा यांची गोष्ट नव्या करारातली आहे. रोमकरांस ११:२२ मध्ये पौल देवाची ममता आणि कडकपणा दोन्ही पाहायला सांगतो.

एक जोडी तर शब्दाला शब्द जुळते. अनुवाद २४:१४-१५ मध्ये सांगितले आहे, की मजुराची मजुरी सूर्य मावळण्याआधी द्यावी, नाहीतर तो तुझ्याविरुद्ध परमेश्वराकडे हाक मारील. याकोब ५:४ मध्ये तीच हाक पुन्हा ऐकू येते: शेत कापणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडत आहे आणि ती सेनाधीश प्रभूच्या कानी गेली आहे. आपल्या जिल्ह्यातून दिवाळीच्या सुमारास कोयते निघतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी नवराबायको ऊसतोडीला जातात, लेकरेही बरोबर जातात, शाळा मागे राहते. हंगाम संपला तरी उचल फिटत नाही. याकोबाच्या पत्रातला देव आणि मोशेचा देव वेगवेगळे असते, तर एकाने ही हाक ऐकली असती आणि दुसऱ्याने नसती. पण ऐकणारा एकच आहे.

त्याच नियमशास्त्रात शेताच्या कडा कापू नका, सरवा वेचू नका, तो गरिबासाठी आणि परक्यासाठी ठेवा, असे आहे (लेवीय १९:९-१०). सरवा हा शब्द आपल्या शेतकऱ्यांना सांगावा लागत नाही. मवाबी विधवा रूथ याच नियमावर जगली. आणि मत्तयाने प्रभू येशूची वंशावळ लिहिताना तिचे नाव वगळले नाही.

देवाला पस्तावा झाला म्हणजे काय?

काही वचनांत देवाला वाईट वाटले, त्याने आपला बेत फिरवला, असे लिहिले आहे. दुसरीकडे मलाखी ३:६ आणि याकोब १:१७ म्हणतात, की तो बदलत नाही. १ शमुवेलच्या एकाच पंधराव्या अध्यायात दोन्ही प्रकारची विधाने आहेत. हे कसे जुळवायचे?

उत्तर यिर्मया १८ मध्ये, कुंभाराच्या घरी आहे. आपल्या जिल्ह्यातील तेर हे गाव संत गोरोबाकाकांमुळे सर्वांना माहीत आहे. कुंभाराचे चाक, थापटणे आणि आवा या गोष्टी इथल्या माणसाला नवीन नाहीत. यिर्मयाने पाहिले, की हातातले मडके बिघडले तेव्हा कुंभाराने माती फेकून दिली नाही. तिचेच दुसरे भांडे घडवले. मग देव अर्थ सांगतो: एखाद्या राष्ट्राला मी नाशाचा इशारा दिला आणि ते वाईटापासून वळले, तर मी इशारा मागे घेईन, आणि एखाद्याला चांगले देईन म्हटले आणि ते वाईटाकडे वळले, तर तेही मागे घेईन.

म्हणजे देवाचे वागणे बदलते, कारण त्याचा स्वभाव बदलत नाही. लेकरू विहिरीच्या कठड्याकडे धावले तर आई ओरडते. ते मागे फिरले तर तीच आई त्याला उराशी धरते. ओरडणे आणि कवटाळणे या दोन आया नव्हेत. आईने दोन्ही वेळा एकच गोष्ट धरून ठेवली आहे: लेकराचा जीव. निनवे वाचले ते याच नियमाने.

अवघड पाने

यहोशवाच्या पुस्तकातल्या लढाया वाचताना मन अस्वस्थ होते. ते व्हावे, ज्याचे मन होत नाही त्याने स्वतःला तपासावे. तरी काही गोष्टी ध्यानात ठेवल्या पाहिजेत. उत्पत्ती १५:१६ मध्ये देव अब्राहामाला सांगतो, की अमोऱ्यांचे पाप अजून भरले नाही, म्हणून तुझ्या वंशाला थांबावे लागेल. शतकानुशतके देव थांबला. मंदक्रोध याचा हा अर्थ. कनानातली राहाब विश्वासाने वाचली आणि तीही प्रभूच्या वंशावळीत आली. आणि लेवीय १८ मध्ये इस्राएलालाच इशारा आहे, की तुम्ही तसेच वागलात तर हा देश तुम्हालाही ओकून टाकील. पुढे बंदिवासात ते खरे ठरले. म्हणजे देवाने एका जातीची बाजू घेऊन दुसरीला चिरडले असे नाही. मोजमाप दोघांना एकच होते.

आणि एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. त्या लढाया एका काळापुरत्या होत्या. कोणत्याही मंडळीला, राज्याला किंवा जमीनदाराला त्यांचा दाखला देऊन कोणाची वस्ती उठवण्याचा अधिकार मिळत नाही. जगाच्या इतिहासात मूळ रहिवाशांना हुसकावताना ही पाने वापरली गेली, तेव्हा देवाच्या नावाची विटंबना झाली. प्रभू येशूने कनानी स्त्रीची लेक बरी केली (मत्तय १५), आणि शोमरोनी गावाने त्याला उतरू दिले नाही म्हणून आकाशातून अग्नी मागणाऱ्या शिष्यांना धमकावले (लूक ९:५५). देव कसा आहे हे कळायला याहून स्पष्ट जागा नाही.

अशीच दुसरी अवघड जागा आपत्तीची. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चारला काही मिनिटे कमी असताना, लातूर आणि आपल्या जिल्ह्यात जमीन हादरली. किल्लारी, आजच्या लोहारा तालुक्यातील सास्तूर आणि कितीतरी गावे जमीनदोस्त झाली. आदल्याच दिवशी अनंत चतुर्दशी होती. माणसे दमून झोपली होती. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाचे जड छत अंगावर आले आणि हजारो जीव गेले. अशा वेळी हा देवाचा कोप, या लोकांचे पाप, असे म्हणणारे भेटतातच. प्रभू येशूसमोर हाच प्रश्न आला होता. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली. ती यरुशलेमेतल्या इतरांपेक्षा अधिक पापी होती असे समजता काय, असे त्याने विचारले आणि स्वतःच नाही म्हटले (लूक १३:४-५). बुरूज कोसळल्यावर मेलेल्यांचा निवाडा करायचा नाही. जिवंतांनी स्वतः वळायचे. इयोबाच्या मित्रांनी नेमके उलटे केले, आणि जुन्या करारातल्याच देवाने त्यांना दोषी ठरवले.

वधस्तंभापाशी

नासरेथच्या सभास्थानात प्रभू येशूने पहिल्याच उपदेशात जुना करार उघडला. दुष्काळात एलीयाला देवाने इस्राएलातल्या नव्हे, तर सीदोनातल्या सारफथ गावच्या विधवेकडे पाठवले, हे त्याने आठवून दिले (लूक ४:२५-२६). मूठभर पीठ आणि थोडे तेल उरलेली ती बाई. पावसाने पाठ फिरवल्यावर घरात काय उरते हे मराठवाड्याला माहीत आहे. परक्या बाईच्या चुलीपाशी पोचणारा देव जुन्या करारातच होता. लोकांना तो आवडला नाही म्हणून त्यांनी येशूला कड्यावरून ढकलायचा प्रयत्न केला.

निर्गमात ज्या दोन गोष्टी शेजारी उभ्या होत्या, क्षमा करणे आणि अपराध मोकळा न सोडणे, त्या वधस्तंभावर एकत्र आल्या. देवाने पापाला क्षुल्लक म्हटले नाही. आणि पाप्याला सोडूनही दिले नाही. किंमत त्याने स्वतः उचलली. यशया ५३ मध्ये सांगितल्याप्रमाणे प्रभू अपराध्यांत गणला गेला. ज्यांचे नाव जन्मापासून गुन्हेगारांच्या यादीत लिहिले गेले, त्यांच्यासाठी या एका वाक्यात केवढी सुवार्ता आहे! त्याच यादीत देवाच्या पुत्राने आपले नाव लिहू दिले. म्हणूनच इब्री लोकांस १३:८ मध्ये तो काल, आज आणि युगानुयुग तोच आहे असे म्हटले आहे.

मराठीत आणि वस्तीवर

हा एकच देव आपल्या भाषेत ओळखीचा व्हावा म्हणून पुष्कळांनी कष्ट उपसले. विल्यम कॅरी यांनी श्रीरामपूरहून १८११ मध्ये नवा करार मराठीत छापला. पंडिता रमाबाईंनी दुष्काळातून सोडवलेल्या बायका-मुलींबरोबर केडगावच्या मुक्ती सदनात राहून इब्री आणि ग्रीक भाषा शिकून घेतल्या आणि साध्या बायकांना कळेल अशा मराठीत संपूर्ण बायबलचे भाषांतर केले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूकडे गेल्या. ग्रंथ १९२४ मध्ये पूर्ण छापून निघाला. ध्यानात घ्या, त्यांनी फक्त शुभवर्तमाने केली नाहीत. विधवा आणि पोरक्या मुलींना देवाचा जुना करारही हवा आहे, हे त्यांनी जाणले होते. पारध्यांची घरची बोली मराठी नव्हे, गुजरातीच्या जवळची आहे. त्यांना गोष्ट सांगताना आपणही रूथ, हागार, नाबोथ आणि सारफथची विधवा यांना वगळू नये.

शेवटी आपल्याविषयी. देवाचा स्वभाव एकसारखा आहे हे वस्तीवरच्या माणसाला पुस्तकातून आधी कळत नाही. आपल्या वागण्यातून कळते. नाताळला कपडे वाटून जाणारे आणि जातीच्या दाखल्यासाठी तहसीलला तिसऱ्यांदा बरोबर चल म्हटल्यावर वेळ नसलेले लोक आपण असू, तर आपण दोन देवांची साक्ष देतो. मूल ऊसतोडीवरून परत आले की त्याच बाईंनी पुन्हा त्याला नावाने हाक मारून बाकावर बसवावे, रेशनकार्डाचे काम अर्धवट सोडू नये, दिलेला शब्द गैरसोयीचा झाला तरी पाळावा. हेसेद म्हणजे हेच.

या तिमाहीत घरच्या प्रार्थनेत निर्गम ३४ आणि योहान १ एकापाठोपाठ वाचा आणि लेकरांनाही ऐकू द्या. हंगामावर गेलेल्या कुटुंबांसाठी, मागे आजीजवळ राहिलेल्या मुलांसाठी, खोट्या संशयात अडकलेल्या तरुणांसाठी प्रार्थना करा. ज्याच्याकडे आपण ही नावे नेतो, त्याच्या ठायी बदल नाही आणि फिरण्याने पडणारी छायाही नाही. त्याची दया तुम्हां सर्वांबरोबर असो. आमेन.